चिंधी बांधलेलं झाड

मी नंदुरबारला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. फळांना रंग कसा येतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. रंग तयार करणारी जनुकं वेगळी आणि त्यांना चालू-बंद करणारी वेगळी. या चालू-बंद करणाऱ्यांचं मोठं कुटुंबच असतं. त्यातली काही रंग आणतात, काही अडवतात.

म्हसावदला माझ्या थोरल्या जावेच्या परसात मिरचीचा एक वाण होता. आधी हिरवी, मग गर्द जांभळी, मग लाल. बी तिच्या आईचं. आई गेली, भाऊ आता संकरित लावतो. त्या वर्षी बोकड्या रोग आला, पानं वळली आणि एकच झाड फळापर्यंत पोचलं.

मला जांभळ्याची लाल होतानाचीच फळं हवी होती. जांभळा रंग अडवणारं जनुक तेव्हाच सापडण्याची शक्यता असते. द्रव नायट्रोजनचं भांडं घेऊन मी गेले, तर जाऊ लग्नाला गेलेली. झाडाला लुगड्याची चिंधी बांधली होती. नजर लागू नये म्हणून असेल, असं मी धरून चालले. मनात हसलेही. होती ती अकरा फळं तोडली आणि तिथंच गोठवली.

संध्याकाळी जाऊ परतली.

"मास्तरीन, मन्ह्या मिरच्या बकरीनी खाद्यात का तू तोड्यात?"

"मी."

"एक तं ठेवती!"

चिंधी बियाण्याची खूण होती. तिच्या माहेरी बियाचं झाड असं राखतात. फळं झाडावरच वाळेपर्यंत कोणी हात लावत नाही. मागच्या वर्षीचं बी तिनं सगळं पेरलं होतं. फोन माझ्या पर्समध्ये होता. तोडण्याआधी एकदा विचारलं असतं, तर पुरे होतं. गोठवलेलं कोवळं बी आता रुजणार नव्हतं; फळांची प्रयोगशाळेत बियांसकट पूड झाली. झाड पुन्हा फळ न धरताच महिनाभरात वाळलं.

निकाल चांगले आले. ते सांगायला मी उन्हाळ्यात म्हसावदला गेले. सांगण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

"मंग, रंगनं कारण सापडनं का?"

"सापडलं, अक्का. त्या जनुकाची अक्षर न् अक्षर नोंद कॉम्प्युटरमध्ये आहे."

"मंग दे नं माले. पावसायामा पेरसू."

ती चेष्टा करत होती की खरंच मागत होती, मला कळलं नाही.

"ते पेरता येत नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि मिरचीचं झाड होतं त्या कोपऱ्यातली माती भेंडीसाठी उकरायला लागली. मी दुसरं खुरपं घेतलं.