कोरड्या मुळाचा सांगावा

झाडाला तहान लागली हे पानाला कोण सांगतं, ठाऊक आहे तुम्हाला? मला नव्हतं. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात धर्मराजनं दाखवलं, आणि तो सातवी नापास.

गेल्या दसऱ्याला, २०१५ साली, गाव ऊसतोडीला गेलं. धर्मराजची पोरं-सुनाही गेल्या. घरात तो एकटा, रानात मोसंबीची चाळीस झाडं. पाणी सोसायटीच्या टँकरचं. सोसायटीनं ठरवलं, पाडव्यानंतर निम्म्या बागांचं पाणी बंद. धर्मराज म्हणाला, "सगळ्यांना निम्मं द्या, सगळ्या जगत्याल." अध्यक्ष म्हणाले, "पुरावा आण."

त्यानं झाडांना एकाच बाजूनं पाणी द्यायला सुरुवात केली. कोरड्या बाजूचं मूळ एक हार्मोन सोडतं, ते रसाबरोबर वर चढतं, मग पान आपली बारीक तोंडं मिटतं. पाणी उडायचं कमी होतं. हे कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतलं. पण वर चढताना बघायचं कसं? त्यानं बुडापासून शेंड्यापर्यंत फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधल्या. पानांतून उडून पिशवीत जमलेलं पाणी रोज जनावराच्या सिरिंजनं मोजायचा. आधी खालच्या पिशव्यांतलं पाणी घटलं, मग मधल्या. शेंडा तेवढा राहिला.

आकडे तो मोठ्यानं वाचायचा. मी पाण्याच्या मोर्चांत फिरणारा, येताजाता त्याच्याकडं थांबायचो. एकदा विचारलं, "कुणाला सांगतोस बे?"

"झाडाला. तू मोर्चातनं येतो, चहा पितो, जातो."

झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त.

बाराव्या दिवशी तो तालुक्याला दवाखान्यात गेला. टँकरवाल्या नबीनं कोरडी बाजू बघितली, त्याचा जीव कळवळला. सगळं पाणी त्यानं तिकडंच सोडलं.

"आप्पा, एक बाजू लई तापली व्हती," संध्याकाळी धर्मराज परतल्यावर नबी त्याला खुशीत म्हणाला. "सवाबचं, पुण्याचं काम केलं."

सकाळी पिशव्या पुन्हा गच्च भरू लागल्या. धर्मराज नबीला एवढंच म्हणाला, "तुजा दोष न्हाई. सांगून जायला पायजे व्हतं. सांगायची सवयच मोडली."

सोसायटीच्या सभेत मी भांडलो, मुदत मागितली, मला बाहेर काढलं. त्याचं मला काही नाही. पण त्या बागेतली ओल उतरायला महिना लागेल, आणि पाडव्याला तीनच आठवडे उरलेत.

म्हणून बागवाल्यांनो, तुमच्याकडं मागतो. तुमच्या बागेतली, तुम्ही आधीच पाणी तोडल्यानं मुळं कोरडी झालेली पाच झाडं तेवढ्या दिवसांसाठी धर्मराजला द्या. आणि तो म्हणेल त्याच बाजूला पाणी सोडा.