दोन्ही वायरी एकदम

बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात सर्व्हरचं नेटवर्क नव्या, सामाईक व्हर्च्युअल स्विचवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या जोडणीवर, हलवायचं काम माझ्याकडे होतं. ते करतानाच सर्व्हरचा संपर्क तुटला आणि मशिनी थांबल्या.

सर्व्हरच्या खोलीत धावलो, तर केबल तपासायला आलेला बाहेरचा माणूस तिथे एकटाच होता. पन्नाशीचा, हात पाठीमागे बांधून रॅककडे नुसता बघत उभा. मला ते बघणंच खटकलं. मी त्याच्यासमोरच साहेबांना फोन केला, "बाहेरच्या माणसानं काहीतरी केलंय." गेटवरही कळवलं, की याची पिशवी तपासा.

"कोणती वायर काढली?" मी विचारलं.

"मी अजून हातच नाही लावला, साहेब. तुम्ही काय करून राहिले होते?"

सर्व्हरच्या दोन्ही वायरी मी कॉम्प्युटरवरून एकदमच नव्या स्विचवर घेतल्या होत्या, तसं मी सांगितलं.

"दोन्ही एकदम काहून? एक पाय जमिनीवर ठेवूनच दुसरा उचला लागते."

सर्व्हरलाच स्क्रीन जोडून मी एक वायर जुन्या स्विचवर परत आणली. संपर्क आला. नव्या स्विचवर मी नेटवर्कचा क्रमांकच भरला नव्हता, म्हणूनच तो तुटला होता.

तेवढ्यात साहेब आले. "काय केलं होतं यांनी?"

"सुरू झालं, सर," एवढंच मी म्हणालो. त्या माणसानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

गेटवर ती उलटी केली गेली. मी खिडकीतून पाहत होतो. तो वाकून एकेक वस्तू उचलत होता, पुसून परत ठेवत होता. मी खाली गेलो नाही.