ग्वातेमालातल्या आजी

आई गेल्यावर नाहूरच्या घरात मी एकटीच उरले. लग्नांचे फोटो काढायचं काम चालू होतं, पण घरी आल्यावर बोलायचं कुणाशी? त्यामुळे डोळ्यांची मोफत ऑपरेशनं करणाऱ्या एका परदेशी संस्थेनं फोटो काढायला ग्वातेमालाला येणार का विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मालाडची मावशी म्हणाली, “अगं, हा देश आहे तरी कुठे?” मलाही नकाशात शोधावा लागला.

डोंगरातल्या एका शाळेत शिबिर होतं. डॉक्टर, नर्स सगळे आपसात स्पॅनिश बोलायचे. जेवताना ते हसले की मीही उगाच हसायचे. ताटात मक्याची भाकरी आणि काळ्या घेवड्याची उसळ असायची. अगदी घरच्यासारखं, म्हणूनच की काय, घास उतरत नसे.

एका दुपारी ऑपरेशन झालेल्या एक आजी व्हरांड्यात बसल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा कधीचाच गेलेला. फोटो काढून मी शेजारी टेकले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि बोलायलाच लागल्या. ती भाषा स्पॅनिशही नव्हती, त्यांच्या डोंगरातली बोली होती.

“मला काही कळत नाहीये हो, आजी,” मी मराठीत म्हटलं.

त्या थांबल्या, मान हलवली आणि पुन्हा सुरू झाल्या. मग मीही बोलत सुटले. आईचं आजारपण, तिच्या साड्या अजून कपाटात तशाच आहेत ते, कुणाला न सांगितलेलं सगळं. त्यांनी हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आजींनी आधी लेकीचा चेहरा चाचपला, मग नीट पाहिला, आणि दोघी रडायला लागल्या. फोटो झकास मिळाला. माझ्यावरून मात्र आजींची नजर नुसती फिरून गेली. मला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, हे कळत असूनही फार लागलं.

न राहवून मी हाक मारली, “आजी.”

त्यांनी चटकन मान वळवली. मला निरखून पाहिलं, लेकीला काहीतरी सांगितलं. लेकीनं ते नर्सला सांगितलं, नर्सनं मला इंग्रजीत.

“त्या विचारताहेत, तुमच्या घरी कोण कोण असतं?”

“सगळे असतात,” मी म्हटलं.

ते ऐकून आजी समाधानानं हसल्या आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरून गेल्या.