सीताफळाचं क्रीम

दिवाळीत ताईनं पाहुण्यांसाठी सीताफळाचं क्रीम केलं होतं. सकाळपासून ती एकेक फळ फोडून बियांभोवतीचा गर बोटांनी सोडवत बसली होती. मिक्सर लावला तर बिया फुटून चव बिघडते, म्हणून सगळं हातानंच. मग बर्फावर भांडं ठेवून तिनं साय फेटली आणि गर अलगद मिसळला.

पाहुण्यांनी वाट्या चाटूनपुसून संपवल्या. कुणीतरी कौतुक केलं, तेव्हा ताईचे यजमान म्हणाले, "यात काय आहे? शिजवायचंसुद्धा नाही. नुसतं कालवायचं."

ताई हसली. तिच्या बोटांची टोकं ओली राहून सुरकुतली होती. ती पाहून माझं डोकं फिरलं. गॅसपुढे घाम गाळला तरच तो स्वयंपाक, हे कुणी ठरवलं? खाणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून कुणीतरी तासन्‌तास मान मोडून बसलेलं असतं. ते कष्ट वाटीत दिसत नाहीत, म्हणून ते झालेच नाहीत?

पाहुणे गेल्यावर उरलेली सीताफळं आणि एक ताट मी ताईच्या यजमानांपुढे ठेवलं. "भाऊजी, उद्यासाठी एवढा गर काढून द्या. शिजवायचं काही नाही."

ते हसत बसले खरे, पण दुसऱ्याच फळानंतर त्यांनी हात पुसले. "याला फार वेळ लागतो. तूच कर गं," ते ताईला म्हणाले.

ताईनं सवयीनं ताट स्वतःकडे ओढलं. जरा थांबली. मग ते परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"मग उद्या क्रीम नाही," ती म्हणाली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.