पडदेवाल्या अक्कांचा दुसरा पाट

पडदेवाल्या अक्का प्रश्न विचारताना माणसाकडं बघत नसत, पडद्याकडं बघत. अलीकडं बाई बसलेली, पलीकडं तिचा नवरा बसलेला, आणि अक्कांची नजर दोघांच्या मधल्या पांढऱ्या कापडावर. उत्तर जणू तिथंच उमटणार होतं. प्रश्न विचारून झाला की गप्प. ‘सांगा की, लाजता कामून?’ असं आपल्यासारखं टोचणं नाही. फार वेळ झाला तर एवढंच म्हणत, “घाई नाही.”

त्या विद्यापीठातून आल्या होत्या. नवरा-बायको एकमेकांना किती ओळखतात, याचा म्हणे अभ्यास चालला होता. ऐंशी सालाच्या पुढंमागंची गोष्ट. बिदरला खोली घेऊन राहायच्या आणि सकाळच्या गाडीनं आमच्या कमठाण्यात यायच्या. उंच, सडपातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि पायांचा आवाज अजिबात नाही. मागं वळावं तर उभ्याच. मी तेव्हा नवी नवरी. डोळ्यांत काजळ आणि डोक्यात हवा. नवरा म्हणजे काय ते आपल्याला कळून चुकलंय, आता विद्यापीठालाही कळू दे, अशा तोऱ्यात मी आमचं नाव दिलं.

पडदा कशाला? तर माणसं डोळ्यांनी खुणा करून एकमेकांना उत्तरं सांगतात म्हणून. विद्यापीठाच्या दृष्टीनं ती साधी चादर होती. पण आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच घरी ती बघितली आणि कपाळाला हात लावला.

“आगं अक्का, बाई आन बाप्याच्या मधी कापड धरायलीस, ह्याला आमच्यात अंतरपाट म्हंत्यात! लग्न झालेल्यांच्या मधी पुन्यांदा धरला तर झालेलं लग्न उसवंल की!”

“मग काय करायचं, आई?” अक्कांनी शांतपणे विचारलं.

“धरलास, आता अक्षता टाकूनच सोड. आन ज्यानं धरला त्यानंच सोडायचा.”

तेव्हापासून गावात रीतच पडली. प्रश्न संपले की जोडपं पडद्याच्या दोन बाजूंना उभं राहायचं, बायका हळद लावलेली ज्वारी उधळायच्या आणि अक्का चादर खाली घ्यायच्या. साठीच्या म्हाताऱ्यांची पुन्हा लग्नं लागली. आम्ही हसून हसून लोळलो. अक्का मात्र हसत नव्हत्या. ज्वारीचे दाणे कुठं कुठं पडतात ते बघत असायच्या.

त्यांची दुसरी सवय मला पहिल्यापासून खटकायची. नवऱ्याच्या बाजूला त्या दोन पाट मांडायला लावायच्या. एकावर नवरा बसायचा, त्याच्या डाव्या हाताचा पाट रिकामा. त्याच्यापुढंही पाण्याचा तांब्या. विचारलं तर म्हणायच्या, “एकटा पाट बरा दिसत नाही.” उन्हाळ्याचे दिवस, कौलं तापलेली, पण बाप्ये उठून बाहेर यायचे ते डावा दंड चोळत. “आत गार लागायलंय,” म्हणायचे आणि विषय बदलायचे.

आमची पाळी आली. पहिले प्रश्न सोपे होते.

“भूक लागली की ते काय करतात?”

“डबे वाजवत्यात,” मी म्हणाले.

पडद्यापलीकडून आवाज आला, “म्या डबे वाजवतो.”

“रागावले की?”

“बैलासंगं बोलत्यात.”

“बैलासंगं बोलतो.”

मी फुगून टम्म झाले. विद्यापीठानं आता माझी मिरवणूकच काढावी, असं मला वाटू लागलं. मग अक्कांनी शेवटचा प्रश्न पडद्याकडं बघत आमच्या मालकांना विचारला. “पुन्हा लग्न करायची वेळ आली, तर हिच्याशीच कराल का?”

उंबऱ्यातनं ऊन येत होतं, त्यानं मालकांची सावली कापडावर पडली होती. मी उत्तराची वाट बघत राहिले, आणि ती सावली हळूच डावीकडं वळली. रिकाम्या पाटाकडं. तशीच थांबून राहिली.

“घाई नाही,” अक्का म्हणाल्या.

“मला हाय!” मी ओरडले. “त्या पाटाशीच लावा म्हनावं लगीन!” आणि परसदारानं जी सुटले ती चिंचेखाली. तिथं बसून मनसोक्त रडले आणि रडता रडता ओटीभर चिंचा खाल्ल्या. दात आंबले, राग नाही आंबला. घरी आले तर अक्का शेवटच्या गाडीनं गेलेल्या. चादर तशीच टांगलेली.

आत्याबाई कुणाला हात लावू देईनात. “अक्षता पडल्या न्हाईत. ज्यानं धरला त्यानंच सोडायचा.” झालं. घराचे दोन भाग पडले. अलीकडं मी आणि चूल, पलीकडं मालक. मी भाकरी कापडाखालून सरकवायची.

“आगं, नुसतं कापड हाय ते,” पलीकडून आवाज यायचा.

“मग बोला की त्या दिसाचं!”

पलीकडून भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा यायचा. वरवर मी फणकारत होते, पण वारा पडलेल्या दुपारीसुद्धा ती चादर श्वास घेतल्यासारखी हलायची. आपलं लग्न खरंच उसवायलंय, असं मला वाटू लागलं. अक्का काही फिरकेनात. शेवटी मी लग्नाचं बोलावणं करतात तशा अक्षता पदराच्या गाठीला बांधल्या आणि अक्कांना आणायला बिदर गाठलं.

किल्ल्याच्या वाटेवर त्यांची एका खोलीची जागा. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकले. खोलीच्या मधोमध तसलीच पांढरी चादर. पलीकडं खिडकी असावी, कारण कापडावर उजेड होता; आणि त्या उजेडात बसलेल्या माणसाची सावली. घरात अक्कांचे मालक आहेत म्हणून मी घाईनं डोक्यावर पदर घेतला.

“अक्का, चला. अंतरपाट सोडायचाय.”

“बसा आधी,” त्या म्हणाल्या. मग पडद्याकडं बघून त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “पुन्हा लग्न करायची वेळ आली, तर माझ्याशीच कराल का?”

आम्ही दोघी थांबलो. सावली हलली नाही. मला अवघडल्यासारखं झालं. मी हळूच म्हणाले, “अक्का, त्यांना बरं न्हाई का? बोलंनात.”

“हा शेवटचा प्रश्न विद्यापीठाचा नाही, माझा आहे,” अक्का म्हणाल्या. “आमच्या ह्यांना मी एकदा थट्टेत विचारलं होतं. ‘संध्याकाळी सांगतो’ म्हणून सकाळी उदगीरच्या गाडीत बसले. वाटेतच छातीत कळ आली. उत्तर राहिलं. म्हणून जिथं जाते तिथं त्यांच्यासाठी पाट मांडते. कधीतरी सांगतील. घाई नाही.”

मी पडद्याकडं बघितलं. सावली बसलेलीच होती. मांडी घातलेली, मान जरा खाली.

माझे हात माझे राहिले नाहीत. पदराची गाठ सुटली कधी आणि मूठ भरली कधी, देव जाणे. “सावधान!” म्हणून जी किंकाळी फोडली, ती लग्नाची होती की भीतीची, मला आजही सांगता येत नाही. सगळ्या अक्षता पडद्यावरून पलीकडं भिरकावल्या आणि कापड ओढून खाली पाडलं.

खिडकी. पाण्याचा तांब्या. पाट. माणूस नाही.

ज्वारीचे पिवळे दाणे सगळीकडं पसरले होते. खिडकीत, तांब्यात, कोपऱ्यात. पाटाभोवती तर नुसता सडा. आणि पाटावर एक दाणा नव्हता. वर कुणी बसलेलं असावं आणि पडलेलं सगळं अंगावर घेऊन उठून जावं, तसा कोरा.

अक्का गुडघ्यांवर बसल्या. पाटावरून तळवा फिरवला. म्हणाल्या, “मिळालं उत्तर.” आणि मला म्हणाल्या, “तुमचा पडदा तुम्हीच सोडा. मला आता जमायचं नाही.” कपाळावरचं कुंकू तसंच होतं.

घरी आले तर मालक रानात न जाता पडद्यापलीकडं बसून.

“अक्का न्हाई आल्या? आन अक्षता?”

“बिदरलाच सांडल्या. तुम्ही त्या दिशी बोललाव कामून न्हाई, ते सांगा आधी.”

मग संकोचलेला आवाज आला. “आगं, बाजूच्या पाटावर कोन तरी बसलं व्हतं. शिकलेला मानूस वाटला. पाव्हन्याच्या आधी आपन कसं बोलावं? म्हनलं, त्यांचं होऊ दे.”

मी गारच पडले. तेवढ्यात पलीकडं कणगीचं झाकण वाजलं आणि कापडावरून माझ्या डोक्यावर ज्वारी कोसळली. हळद नाही, काही नाही, नुसती ज्वारी. ओंजळीमागून ओंजळ.

अंगणातून आत्याबाई ओरडल्या, “आरं मुडद्या, पेरायची ज्वारी हाय ती!”

चादर आम्ही दोघांनी मिळून खाली घेतली.

अक्का पुन्हा कमठाण्यात आल्या नाहीत. आमच्या उत्तरांवरून विद्यापीठ काय शिकलं, कोण जाणे. मी मात्र त्यांच्याकडून वाट बघायला शिकले. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली. सकाळी न्याहारीला मी दोन पाट मांडते. एकटा पाट बरा दिसत नाही. दुसऱ्यावर चिमूटभर ज्वारी टाकते आणि अक्कांचा तोच शेवटचा प्रश्न विचारून चुलीकडं वळते.

कधीमधी परत येते तर पाट कोरा असतो. सून म्हणते, “आत्याबाई, चिमण्या असतील.”

मी म्हणते, “व्हय बाई, चिमण्याच.”