मनगट मोडलं तेव्हा

अंगण झाडताना पाय अडखळला, मी उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने! धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून आमच्या ह्यांना दाखवली. "हाडं विरळ झाली आहेत," म्हणाले. मग मला विचारलं, "पिशवी केव्हा काढली?" अडतिसाव्या वर्षी, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पाळी लवकर गेली की बायकांची हाडं लवकर झिजतात, त्यात तुम्हाला ना ऊन, ना ओझं. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. पाठीला बाक आला होता आणि फडताळाच्या वरच्या खणापर्यंत हात पोचेनासा झाला होता.

सहा आठवडे प्लास्टर. घरात आम्ही दोघंच, म्हणून ह्यांनी भिवापूरला माझ्या थोरल्या बहिणीला पत्र टाकलं. तिला मी बाई म्हणायचे.

बाई आली ती खांद्यावर मिरच्यांचं पोतं घेऊन. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण पाठीत कुठे वाक नाही. आमची लग्नं झाली तेव्हा सगळ्यांनी तिची कीव केली होती. तिला शेतकऱ्याच्या घरी दिलं, मला नागपुरात नोकरीवाल्याकडे. तिच्या वाट्याला निंदण आणि डोक्यावरची ओझी, माझ्या वाट्याला घरातला नळ आणि पंखा. माहेरी भेटलो की मी माझे मऊ हात मुद्दाम तिच्या हातांशेजारी ठेवायचे.

आता ती भरलेली बादली एका हाताने उचलायची, मिरच्या वाळवायला दिवसातून चारदा गच्चीचा जिना चढायची, आणि वर मला लुगडं नेसवायची. एकदा जेवताना हे म्हणाले, "पाहा, बाई सहासष्ट वर्षांच्या आहेत, अन् तू..." पुढचं त्यांनी गिळलं. बोलले असते तर बरं झालं असतं. डाव्या हातातला चमचा मी ताटात आपटला. त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. उठता-बसता ती 'आई गं' म्हणते का, जिना चढताना कठड्याला धरते का. ती काही म्हणत नव्हती, कशाला धरत नव्हती.

एका सकाळी मोरीत धाडकन आवाज झाला. बादली घरंगळली. मी खाटेवर बसले होते. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते, 'मोडलं! आता हिचंही मोडलं!' आणि छाती कशी हलकी झाली. मग मी दारापर्यंत गेले. बाई ओल्या फरशीवरून उठून पदर पिळत होती.

"काही नाही झालं वं. पाय घसरला. शेतात असे किती पडतो आम्ही."

मला रडू कोसळलं. ती धावत आली.

"येडी! माझ्यासाठी काहून रडून राहिली? मी धडधाकट आहे ना!"

तिने मला पोटाशी धरलं. मी आणखीच रडले.

चार दिवस ते मनात कुजत राहिलं. पाचव्या दिवशी दुपारी ती माझी वेणी घालत होती. तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून धीर झाला.

"बाई, तू पडली तेव्हा मले आनंद झाला होता."

फणी थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"मले वाटलंच," ती म्हणाली. "तू दारात आली तेव्हा तुझं तोंड पाहिलं ना मी."

"मग मले जवळ काहून घेतलं?"

"तू रडून राहिली होती. काय करू मग?" आणि तिने वेणी इतकी कचकन आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढाच तिचा राग.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडं जुळलं होतं. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि रोज उन्हात चालायला सांगितलं. मी टाळाटाळ करत होते. बाईने मला हाताला धरून बाहेर काढलं. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, मग शाळेपर्यंत. ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढेच असायची. "हळू चाल ना," मी चिडून म्हणायचे. ती थांबायची, पण मागे वळून पाहायची नाही. तिला गाठायचंच म्हणून मी पाय उचलत राहिले.