कापराची पुरचुंडी

"कापरानं ताप अडत न्हाई म्हंतीस, मंग तुज्या गळ्यात काय लोंबतंय गं, आशाताई?" साळुबाईनं विचारलं.

कांतानं झटकन पदर ओढला. स्वाइन फ्लूची साथ ओसरल्यावर तिला अन् अवसरीच्या बाकी आशा सेविकांना मंचरला शिकवून आणलं होतं: कापरानं साथ अडत नाही, गरोदर बाईला ताप आला की थेट दवाखाना. आज ती साळुबाईच्या तापलेल्या, गरोदर सुनेला दवाखान्यात न्यायला आली होती, अन् कापराची पुरचुंडी तिच्याच गळ्यात!

"मला बी भ्या वाटतं, आत्या. शिकले, पन सोडवंना."

"मंग आमी कसं सोडावं?"

कांतानं दोरा तोडून पुरचुंडी चुलीत टाकली. कापूर भप्पकन पेटला.

"ने बाई तिला," साळुबाई म्हणाली.

कांताची मान काही वर झाली नाही. तशीच वाकून तिनं सुनेच्या चपला पुढं सरकवल्या अन् तिचा दंड धरला.